प्रकल्प नोंदी: झाडीपट्टीच्या व्हीएचएस कॅसेट्ससाठी जुना डेक, टीबीसी आणि कॅप्चर कार्ड पारखताना

६ जानेवारी २०२५

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) देसाईगंज, आरमोरी आणि ब्रम्हपुरी भागातून डिजिटल करण्यासाठी जमा झालेला कॅसेट्सचा साठा प्रकारांनुसार लावला. बहुतेक कॅसेट्स व्हीएचएस, त्यातही ई-१८०. थोड्या व्हिडिओ-८ आणि अगदी मोजक्या बीटाकॅम एसपी. मजकूर म्हणजे झाडीपट्टीची नाटकं, दंडार आणि खडी गंमत या लोककला, शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावची जत्रा) आणि लग्नं. तालुक्याच्या गावातल्या लग्नाच्या कॅमेरामननीच व्हीएचएसवरचं हे सगळं शूट केलेलं, खांद्यावरच्या पॅनासॉनिक एम-३००० आणि एम-९००० वर. म्हणजे सगळं पाल या आपल्याकडच्या टीव्ही सिस्टिमचं: ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम). कवेलूच्या घरात लोखंडी पेटीत राहिलेल्या कॅसेट्स एकूण बऱ्या आहेत. ज्यांच्या टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते त्या वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्या. साफ होईपर्यंत त्या कोणत्याही डेकमध्ये घालायच्या नाहीत. एका बुरशीच्या कॅसेटमुळे हेड (टेप वाचणारा भाग), गाइड (टेपला वाट देणारे खांब) आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते.

पैशांचा क्रम आजच लिहून ठेवला: आधी डेक (कॅसेट चालवणारं यंत्र), मग त्याची दुरुस्ती, मग टीबीसी (डळमळता सिग्नल वेळेत बसवणारं यंत्र), शेवटी कॅप्चर कार्ड (सिग्नल संगणकात घेणारं). बाजारात बोलणं कार्डापासून सुरू होतं, पण व्हीएचएसवर उजेडाच्या भागाची बँडविड्थ जेमतेम ३ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे आडवं रेझोल्यूशन २४० ओळींच्या आसपास. रंगाचा तपशील त्याहून बराच कमी. तो ६२७ किलोहर्ट्झच्या वाहकावर खाली उतरवून लिहिलेला असतो. ७२० बाय ५७६ च्या फ्रेममध्ये हे सगळं आरामात मावतं. कार्डावर ‘४के’ लिहिलेलं असल्याने त्यात भर पडत नाही. हेडने टेपवरून जे उचललं नाही, ते पुढचं कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून सगळी तपासणी हेडपासून.

९ जानेवारी

विक्रीला असलेल्या यंत्रांची यादी केली. काही जवळच्या बंद पडलेल्या मिक्सिंग लॅबमधली, काही नागपूरच्या सीताबर्डीतून कळलेली, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडून. फोटो मागवताना पहिला फोटो मागच्या पाटीचा मागायचा. पुढचं पॅनल पुसून चकाचक करता येतं, पाटीवरचा मजकूर बदलत नाही.

मॉडेलच्या शेवटच्या अक्षरावरून फसगत होते. सोनीच्या व्यावसायिक डेकवर ‘पी’ म्हणजे पाल: बीव्हीडब्ल्यू-७५पी पाल, नुसता बीव्हीडब्ल्यू-७५ एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली सिस्टिम. पॅनासॉनिकचा एजी-१९८०पी मात्र अमेरिकन एनटीएससी डेक आहे. त्याचं नाव फार ऐकू येतं, पण आपल्या कॅसेट्सना त्याचा उपयोग नाही. पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ दिसलं की यादीतून काढायचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, सिस्टिम जुळत नाही. आतच पालचं एनटीएससी करून देणारे घरगुती मल्टिसिस्टिम डेकही नकोत. त्यातलं रूपांतर मूळ फील्ड मोडून टाकतं आणि ते परत मिळत नाहीत.

यादीत उरलेले: पॅनासॉनिकचा एजी मालिकेतला पाल एस-व्हीएचएस डेक, जेव्हीसीचा बीआर-एस८२२ई, पॅनासॉनिकचा घरगुती पण टीबीसी असलेला एनव्ही-एफएस२००, आणि सोनीचे दोन बीटाकॅम एसपी डेक.

कॅसेट्स साध्या व्हीएचएस असल्या तरी डेक एस-व्हीएचएस (व्हीएचएसचाच सुधारित प्रकार) हवा. व्हीएचएस टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळे लिहिलेले असतात. साध्या व्हीसीआरची कंपोझिट पिवळी तार त्यांना एकत्र करते, मग कॅप्चरच्या वेळी ते परत वेगळे करावे लागतात. या जोडतोडीत कडांवर ठिपके सरकतात, चौकटीच्या लुगड्यावर नसलेले रंग येतात. एस-व्हीएचएस डेकची चार पिनांची एस-व्हिडिओ तार दोन्ही भाग वेगळेच ठेवते.

१४ जानेवारी

पहिला एस-व्हीएचएस डेक तपासणीच्या बोलीवर खोलीत आणला. ‘चालू हाय भाऊ’ म्हणजे दिवा लागतो आणि कॅसेट आत जाते एवढंच धरायचं. पुढचं आपण पाहायचं.

क्रम असा ठेवला. झाकण उघडून आधी धूळ ब्लोअरने बाहेर. ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला, बोट लावायचं नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली शॅमॉय चामड्याची काडी ड्रमवर हलकी टेकवून धरायची आणि ड्रम हाताने वरच्या कडेला धरून आडवा फिरवायचा. काडी वर-खाली केली तर हेडची टोकं तुटतात. कानातली कापसाची काडी तर नाहीच, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा आणि स्टीलचे गाइड अल्कोहोलने पुसायचे, टेप त्या दांड्यावर दाबणाऱ्या पिंच रोलरचं रबर नाही. त्याला साबणाचं सौम्य पाणी, मग कोरडं फडकं.

मग टाकाऊ कॅसेट. साठ्यातली कॅसेट पहिल्या दिवशी डेकमध्ये जात नाही. पाच मिनिटं प्ले, मग शेवटपर्यंत फॉरवर्ड, परत रिवाइंड, थांबवून बाहेर. कॅसेटचं झाकण उघडून टेपच्या दोन्ही कडा उजेडात पाहायच्या. व्हीएचएसवर वरच्या कडेला आवाजाचा सरळ ट्रॅक आणि खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो. वरची कड चुरगळली तर आवाज जातो, खालची चुरगळली तर चित्राचं ट्रॅकिंगच (हेडचं टेपवरच्या रेषांशी जुळणं) जातं.

या डेकने खालची कड किंचित दुमडली. पिंच रोलर आरशासारखा गुळगुळीत झालेला, त्यामुळे टेप सरकून खाली उतरते. रोलर बदलावा लागेल, त्याचे पैसे किमतीतून वजा. कॅसेट आत घेऊन लगेच बाहेर टाकणारा किंवा मध्येच बंद होणारा डेक बहुतेकदा मोड स्विचच्या काळ्या पडलेल्या पट्ट्यांमुळे तसं करतो. तो दोष तासाभराच्या कामाचा असतो, त्यासाठी डेक नाकारायचा नाही.

१५ जानेवारी

हेडची तपासणी. पडद्यावरचं चित्र पाहून हेड चांगलं ठरवता येत नाही, कारण आतली ड्रॉपआउट (सिग्नल तुटलेल्या जागांची) दुरुस्ती बरंच झाकते. ऑसिलोस्कोप लावला, २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा पुरतो. पहिला चॅनेल प्लेबॅक एन्व्हलपच्या (हेडने उचललेल्या सिग्नलच्या जोराच्या) टेस्ट पॉइंटवर, दुसरा हेड स्विचिंग (एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याच्या) पल्सवर, ट्रिगरही त्याच पल्सवर. पालमध्ये ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५, आणि एका फेऱ्यात दोन हेड एकेक फील्ड वाचतात. ५ मिलिसेकंद प्रति घर ठेवलं की ४० मिलिसेकंदांचा पूर्ण फेरा आठ घरांत दिसतो, दोन्ही हेड शेजारी-शेजारी.

वाचायचं असं. दोन्ही एन्व्हलप सपाट आणि सारख्या उंचीचे हवेत. एक पूर्णच बुटका असेल तर ते हेड झिजलेलं किंवा तुंबलेलं. पुन्हा साफ करून पाहायचं, फरक पडला नाही तर झिजलेलं. दोन्ही एन्व्हलप सुरुवातीला खाली बसत असतील तर टेप आत येण्याच्या बाजूचा गाइड, शेवटी बसत असतील तर बाहेर जाण्याच्या बाजूचा. सर्वांत खालचा भाग सर्वांत वरच्या भागाच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी झाला की डेकला गाइडची दुरुस्ती लागणार, अशी मर्यादा धरली. गाइडच्या स्क्रूला हात लावण्याआधी मूळ जागेची खूण मार्करने करायची, मग एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी.

ही तपासणी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर शूट झालेल्या किमान तीन कॅसेट्सवर करायची. खड्डा एकाच कॅसेटवर दिसला तर दोष मूळ कॅमेऱ्याच्या गाइडमध्ये होता. तिथे डेक न छेडता ट्रॅकिंगच्या बटणाने जुळवायचं. लग्नसराईत रोज वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या कॅसेट्समध्ये असं सर्रास सापडतं.

या डेकचे हेड चांगले निघाले. चित्राच्या अगदी तळाच्या काही ओळी फाटलेल्या दिसतात, तो हेड स्विचिंगचा भाग आहे, तो दोष धरायचा नाही. जुन्या टीव्हीची चौकट तो झाकत असे.

१८ जानेवारी

जेव्हीसीचा बीआर-एस८२२ई पाहिला. यात टीबीसीचा बोर्ड ऐच्छिक असायचा, म्हणून झाकण काढून खाच पाहायची. पुढच्या पॅनलवर टीबीसीची बटणं दिसली तरी खाच रिकामी असू शकते. इथे बोर्ड होता.

थंड असताना चित्र उत्तम. दोन तास सतत चालवल्यावर चित्रात मुंग्या वाढल्या आणि रंग फिका पडला. या काळातल्या यंत्रांच्या बोर्डांवरचे बारीक सरफेस-माउंट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. द्रव तांब्याच्या रेषा खातो आणि सोल्डरिंग करताना माशासारखा वास येतो. विक्रेता दहा मिनिटं दाखवतो तेव्हा हे दिसत नाही. म्हणून नियम: रात्रभर बंद ठेवलेला डेक सकाळी सुरू करायचा, पहिल्या मिनिटाचं, अर्ध्या तासाचं आणि दोन तासांचं तेच दृश्य कॅप्चर करून शेजारी ठेवून पाहायचं. विक्रेता दोन तास द्यायला तयार नसेल तर तो डेक दुरुस्तीच्या लायकीचा समजून भाव करायचा.

कपॅसिटर बदलणं शक्य आहे. १०५ अंश सेल्सिअसचे, सीताबर्डीत मिळतात. पण बोर्डवर पन्नासेक असतात आणि खाल्लेल्या रेषा तारेने जोडाव्या लागतात. हे काम ज्याला येतं त्यानेच करावं. हा डेक तूर्त बाजूला.

२३ जानेवारी

वीज. धानाला पाणी देण्याचे पंप सुरू झाले की दिवे मंद होतात, खोलीत तेच मोजलं. व्होल्टेज खाली गेल्यावर डेकचा सर्व्हो (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) डगमगत नाही, आतला सप्लाय सांभाळतो. पण पंप बंद होताना येणारा झटका जुन्या सप्लायला मारतो. त्यामुळे आधी स्टॅबिलायझर आणि मग प्युअर साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस. घरोघरी असतो तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर इथे चालत नाही. त्याने चित्रात तिरप्या रेषा येतात आणि आवाजात गुणगुण येते.

अर्थिंग: न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २ च्या वर दिसलं तर अर्थिंगचा खड्डा तपासायचा. उन्हाळ्यात माती सुकली की ते वाढतं, खड्ड्यात पाणी सोडत राहावं लागतं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. डेक एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि संगणक दुसऱ्या भिंतीवर लावला की चित्रात वर सरकणारा करडा पट्टा येतो. तो ग्राउंड लूपचा, डेकचा दोष नव्हे.

२९ जानेवारी

टीबीसी. या नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात. लाइन टीबीसी प्रत्येक ओळीची सुरुवात नीट जुळवतो. त्याने खांब सरळ दिसतात, चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडणं थांबतं. फ्रेम सिंक्रोनायझर पूर्ण फ्रेम स्मृतीत घेऊन ठरलेल्या वेळेला सोडतो. त्याने सिग्नल मध्येच तुटला तरी कार्डाकडे जाणारा सिंक (ओळी-फ्रेमची सुरुवात सांगणारा संकेत) तुटत नाही, फ्रेम गळत नाहीत आणि ओठ-आवाज जुळलेले राहतात. पहिलं काम डेकच्या आत चांगलं होतं, दुसऱ्यासाठी बाहेरचं यंत्र लागतं. एकाने दुसऱ्याचं काम होईल असं धरू नये.

तपासणीसाठी मंडपाचे उभे बांबू असलेलं नाटकाचं दृश्य निवडलं. उभी सरळ रेघ हीच सगळ्यात चांगली कसोटी.

डेटाव्हिडिओचा टीबीसी-१०००: फ्रेम टिकतात, सिंक पक्का, पण बांबूची लहर तशीच राहते. लहर डेकच्या लाइन टीबीसीनेच जाते. दोन्ही एकत्र लावले तर परिणाम योग्य.

पॅनासॉनिकचा जुना मिक्सर, डब्ल्यूजे-एमएक्स५०: तालुक्याच्या लॅबमध्ये हा पडून असतो आणि त्यात फ्रेम सिंक्रोनायझर आहे. सिंक सांभाळतो. चित्र मात्र मऊ होतं, कडा बुजतात. दुसरं काही नसेल तर चालेल, नाटकातली चेहऱ्यावरची रंगरंगोटी टिपायची असेल तर नको.

पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१५ डीव्हीडी रेकॉर्डर फक्त मधून सिग्नल जाऊ देण्यासाठी: वरची फडफड चांगली घालवतो आणि स्वस्तात मिळतो. तोटा असा की अशी घरगुती यंत्रं कमजोर सिग्नलला कधी कधी कॉपी-संरक्षण समजतात आणि थांबतात. ज्या कॅसेट्स डेकच्या टीबीसीलाही जुमानत नाहीत, तेवढ्यांसाठीच ठेवायचा.

३ फेब्रुवारी

लेव्हल. पाल सिग्नल एकूण १ व्होल्ट: सिंक खाली ३०० मिलिव्होल्ट, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ७०० मिलिव्होल्ट. डिजिटलमध्ये ८ बिटांत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर बसतो. टीबीसीत कलर बार सोडून हे आकडे वेव्हफॉर्मवर (लेव्हलच्या आलेखावर) पाहिल्याशिवाय कोणतंही यंत्र पास नाही.

एका टीबीसीचं चित्र फिकट-काळवंडलेलं आलं. यंत्र ठीक होतं, मागचा ७५ ओहमचा स्विच चालू असताना लूपच्या पुढच्या टोकालाही ७५ ओहमचा मॉनिटर जोडलेला होता. एकाच सिग्नलला दोन टर्मिनेशन (तारेच्या टोकाचे ७५ ओहमचे रोध) मिळाली की लेव्हल दोन-तृतीयांशावर येते, ७०० चे सुमारे ४६७ होतात. एकही नसेल तर दुप्पट होते आणि पांढरं जळतं. जुनं यंत्र नाकारण्याआधी हा स्विच पाहायचाच. चांगली यंत्रं याच कारणाने भंगारात गेलेली दिसतात.

बीएनसीच्या तारा सीसीटीव्हीच्या दुकानात मिळतात, आरजी-५९ मागायची. एस-व्हिडिओची तार दोन मीटरच्या आत.

नाटकाच्या कॅसेट्समध्ये हॅलोजनच्या झोतात पांढरं धोतर १०० टक्क्यांच्या वर जातं. टीबीसीला प्रॉक-अँप म्हणजे उजेड-रंग कमीजास्त करायची सोय असेल तर तिथेच खाली आणायचं. डिजिटल झाल्यावर कापलेलं पांढरं परत येत नाही. त्यामुळे प्रॉक-अँप नसलेल्या टीबीसीला आमच्या कामात निम्मी किंमत.

७ फेब्रुवारी

बीटाकॅम एसपीचे डेक पाहिले. हा प्रकार १९८६ चा, अर्ध्या इंचाची टेप असली तरी व्हीएचएसशी काही संबंध नाही, व्हीएचएस कॅसेट यात लागत नाही. ‘प्रोफेशनल’ शब्द ऐकून व्हीएचएससाठी बीटाकॅम डेक घेणारे लोक भेटतात, म्हणून ही ओळ लिहून ठेवतो.

तासमापक चार गोष्टी दाखवतो: यंत्र चालू राहिलेले तास, ड्रम फिरलेले तास, टेप चाललेले तास आणि टेप ड्रमला गुंडाळल्याची संख्या. यांशिवाय शून्यावर आणता येणारा ट्रिपचा संच असतो. फोटोत तोच कमी आकडा दाखवला जातो. मूळ, न पुसता येणारा आकडा मागायचा. यूव्हीडब्ल्यू-१८००पी मध्ये आवाजाचे दोनच ट्रॅक वाचता येतात, बीव्हीडब्ल्यू-७५पी मध्ये चार. मूळ कार्यक्रमाचा वातावरणाचा आवाज तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकवर असेल तर पहिल्या डेकवर तो मिळत नाही.

साठ्यात बीटाकॅम इतक्या कमी की डेक घेण्यात अर्थ नाही. त्या कॅसेट्स शहरात भाड्याने डिजिटल करून घ्यायच्या.

१२ फेब्रुवारी

कार्ड. एडीव्हीसी-११० हा कॅप्चरचा चांगला टिकाऊ डबा आहे, तळाचे छोटे स्विच पालवर आहेत का ते आधी पाहायचं. पण त्यातून डीव्ही हा दाबलेला प्रकारच निघतो: तासाला सुमारे १३ जीबी, रंग ४:२:० (४:२:२ पेक्षा कमी तपशिलाचा), आणि संगणकाला फायरवायर लागतं. संग्रहासाठी नको. ब्लॅकमॅजिकचं एस-व्हिडिओ इनपुट असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड निवडलं. जुनं घेताना ब्रेकआउट केबल सोबत आहे का ते बघायचं. ती नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य. अशी कार्डं फ्रेम टीबीसीशिवाय व्हीएचएस नीट घेत नाहीत, तुटलेल्या सिंकला काळी फ्रेम किंवा गळती देतात. कार्डाला दोष देण्याआधी साखळी पूर्ण करायची.

जागेचा हिशेब: न दाबलेलं ८ बिट ४:२:२ तासाला सुमारे ७५ जीबी, १० बिट सुमारे १०० जीबी. एफएफव्ही१ या फॉरमॅटमध्ये काहीही न गमावता निम्म्याच्या आसपास, टेपवर मुंग्या जितक्या जास्त तितकी बचत कमी. १० बिट एफएफव्ही१ ठेवायचं ठरवलं. फील्डचा क्रम तपासला: या कार्डातून वरचं फील्ड आधी, डीव्हीत खालचं आधी. दोन्ही स्रोत एकत्र करताना हे उलटलं तर नाचणाऱ्यांचे हात मागे-पुढे थरथरतात.

२० फेब्रुवारी

आवाज. कॅमेऱ्याच्या कॅसेट्सवर बहुधा कडेचा सरळ मोनो ट्रॅक आहे. डेक हाय-फायवर अडकून मुका राहिला तर हाताने ‘नॉर्मल’ निवडायचं. पेटीचा आणि टाळाचा आवाज दबलेला वाटला तर ऑडिओ हेडचा अ‍ॅझिमथ (हेडचा कल) स्क्रू अगदी किंचित फिरवून टाळ सर्वांत तेज येईल तिथे थांबायचं, मूळ खूण आधी करून. डेकचे एक्सएलआर आउटपुट +४ डीबीयूचे असतात. कार्डाचं इनपुट घरगुती लेव्हलचं असेल तर तबला फाटतो, मध्ये अ‍ॅटेन्युएटर लागतो.

१ मार्च

घ्यायचं ठरलं: पहिला पॅनासॉनिक एस-व्हीएचएस डेक नवीन पिंच रोलरसह, लाइन दुरुस्तीसाठी एनव्ही-एफएस२०० जोडीला, डेटाव्हिडिओचा फ्रेम टीबीसी, ब्लॅकमॅजिक कार्ड. एनव्ही-एफएस२०० चा टीबीसी बहुतेक कॅसेट्सवर चालू, पण ट्रॅकिंग फार बिघडलेल्या कॅसेटवर तो उड्या मारतो. तिथे बंद करून पॅनासॉनिकच्या मोठ्या डेकवर घ्यायचं. दोन वेगळ्या स्वभावाचे डेक ठेवण्याचं कारण हेच. टीबीसी-१००० ला प्रॉक-अँप नाही, ती कमतरता कार्डाच्या इनपुट लेव्हलने भरायची आणि प्रत्येक कॅसेटचं सर्वांत उजेडाचं दृश्य आधी वेव्हफॉर्मवर पाहायचं.

जेव्हीसी कपॅसिटर बदलून मिळाला तर पुन्हा विचार करू.

१७ मार्च

दुपारी खोली तापायला लागली. टीबीसीचा डबा हाताला चटका देतो आणि गरम झाल्यावर त्यातून एकेक फ्रेम गोठते. झाकणावर ८० मिलिमीटरचा पंखा बसवला, यंत्रांमध्ये दोन बोटं जागा सोडली. एप्रिल-मेमध्ये काम पहाटे पाच ते दहा. पावसाळ्यात उलटी अडचण: दमट हवेत डेकचा ‘ड्यू’ (आत ओल असल्याचा) दिवा लागतो आणि तो टेप घेत नाही. तो दिवा बायपास करायचा नाही, ओल्या ड्रमला टेप चिकटून फाटते. डेक चालू ठेवून तासभर थांबायचं.

सुट्या भागांची मागणी आजच पाठवली: एक जादा पिंच रोलर, लोडिंगचे दोन बेल्ट, टेन्शन बँडचं फेल्ट आणि एनव्ही-एफएस२०० च्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर. वडसा (देसाईगंज) स्टेशनवर पार्सल आलं की बसवून पुन्हा तीन कॅसेट्सची एन्व्हलप तपासणी.